एका माणसाचा बाजार

समजा, एक बाजार आहे.

०

"समोसे निकालाच्या आधी आणायचे का नंतर?" मी कॅन्टीनवाल्याला विचारलं.

"निकालाची काय काळजी करताय बाई? गरम पाहिजेत का गार चालतील, तेवढं सांगा."

०

अट चौथी. बाजारातल्या कोणत्याही दोन माणसांची आवडनिवड एकसारखी नसते.

०

नवऱ्याने एकदा चपातीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "पण नक्की सिद्ध काय केलंस तू?"

"की अशा बाजारात भाव ठरतो. आणि एकच ठरतो."

"तो तर रोज ठरतो की. आत्ताच वांगी घेऊन आलो मी."

०

"माझ्या हातात काही नाही, बाई. मार्चअखेर पीएच.डी. करून डॉक्टर व्हा. नाहीतर जूनमध्ये तुमच्या जागी संस्था दुसरं कुणीतरी घेणार." हे मी शिकवायचे त्या आमच्या गावच्या कॉलेजचे प्राचार्य, मगदूम सर.

०

सूचना. अर्थशास्त्र विभागात उद्या सकाळी खुली मौखिक परीक्षा. जिज्ञासूंनी उपस्थित राहावे.

(खाली पेन्सिलीने: चहा आहे.)

०

"उदाहरण पोरांसाठी असतं. मोठ्यांसाठी सिद्धता." हे माझे गाईड, सातवेकर सर.

०

त्या दुपारी मी विभागाच्या जिन्यात उभी होते. कॅन्टीनवाल्याशी बोलून झालं होतं, हॉलची किल्ली मिळाली होती, शाल आणि नारळ पिशवीत होते. शाल सरांसाठी. सात वर्षं ज्यांच्या हाताखाली प्रबंध लिहिला त्या सातवेकर सरांना निकालानंतर शाल द्यायची, असं नवऱ्याने सुचवलं होतं आणि ती आणलीही त्यानेच होती.

वरून इंगवले सर उतरत होते.

"बेळंकीकर बाई! बरं झालं भेटलात. उद्याचा माझा प्रश्न सांगून ठेवतो."

ही विभागाची पद्धत होती. ओपन व्हायवात कोण काय विचारणार, ते आदल्या दिवशीच उमेदवाराच्या कानावर घालायचं. उमेदवार अडखळला तर बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर विभागाची शोभा व्हायची, आणि ती कुणालाच नको असायची. त्यामुळे व्हायवा म्हणजे पाठ केलेल्या प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं, मग टाळ्या, मग समोसे.

इंगवले सर सर्वेक्षणवाले. ऊस, दूध संघ, बचत गट. त्यांचे विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन गावोगाव हिंडायचे आणि उन्हाने रापून परत यायचे. विभागात निव्वळ सिद्धांत करणारे सातवेकर सर एकटे, आणि त्यांची शेवटची विद्यार्थिनी मी. आम्ही कुठे जायचो नाही. बाजाराबद्दल काही अटी मानायच्या आणि त्यांतून काय काय निघतं ते टेबलापाशी बसून बघायचं, एवढंच आमचं काम. इंगवले सर आम्हाला 'बैठी मंडळी' म्हणायचे.

"विचारा की," मी म्हटलं.

"एकच. तुमच्या त्या बाजारात दोन माणसं उभी करून दाखवा. नावं द्या त्यांना. कोण काय खातं ते सांगा. बास! एम.ए.ची पोरं येऊन बसतात, त्यांनाही कळू दे, सात वर्षं बाई कुठल्या गावाला गेल्या होत्या."

"सर उदाहरणं देऊ देत नाहीत."

"व्हायवा सरांची आहे का तुमची?" ते एक पायरी खाली आले. "का ओ, अवघड आहे का काय?"

"छे. पाच मिनिटांचं काम."

०

पाच मिनिटांचं काम घेऊन मी विभागाच्या ग्रंथालयात बसले.

दोन बायका घेतल्या, कमळा आणि इंदू. वस्तू दोन घेतल्या, तांदूळ आणि गूळ. कमळाला तांदूळ जास्त आवडतो, इंदूला गूळ. आता प्रबंधातल्या पाच अटी एकेक करून लावून बघायच्या.

पहिल्या तीन किरकोळ. प्रत्येकीकडे थोडं थोडं सगळं आहे, जास्त मिळालं तर कुणाची तक्रार नाही, वगैरे. बसल्या.

चौथी माझी. सात वर्षांत मी स्वतःची म्हणून घातलेली एकमेव गोष्ट. दोन माणसं सारखी नसतात. सरांच्या जुन्या सिद्धांतात हे नव्हतं. ते घातलं म्हणून प्रबंध माझा झाला. बसली.

पाचवी सरांची. चौऱ्याहत्तर साली सरांनी एक पेपर लिहिला होता, परदेशी नियतकालिकात आलेला, आणि त्यातली ती अट पुढे दोन-तीन पुस्तकांत 'सातवेकर अट' म्हणून छापली गेली होती. जगात सरांचं नाव तेवढ्याच एका जागी होतं. ती अट चिन्हांत लिहिली की दोन ओळी व्हायची आणि दिसायला अगदी निरुपद्रवी. सिद्धता जिथे जिथे अडायची तिथे तिथे आम्ही ती टेकूसारखी लावायचो आणि सिद्धता उभी राहायची. ती साध्या मराठीत काय म्हणते, हे आम्ही कधी एकमेकांना विचारलं नव्हतं.

पाचवी बसेना.

आकडे बदलले. बसली; पण मग चौथी मोडली. इंदूचा गूळ थोडा कमी केला. पुन्हा तेच. दोघींच्या आवडी कशाही सुरू केल्या, तरी पाचवी अट लावत गेलं की इंदू थोडी थोडी कमळासारखी व्हायची, आणि शेवटी कमळाच व्हायची. आवडणारं तेच, नावडणारं तेच. दोन नावांची एक बाई.

मी पंखा बंद केला. 

चौथी अट सांगत होती, कोणतीही दोन माणसं सारखी नसतात. पाचवी सांगत होती, कोणतीही दोन माणसं सारखीच असतात. दोन्ही एकदम खऱ्या कधी होतील? बाजारात दोन माणसंच नसतील तेव्हा.

इंदूवर काट मारली.

कमळा एकटी. तांदूळ तिचाच, गूळ तिचाच. पाचही अटी बसल्या. भाव ठरला, एकच ठरला. प्रबंधातला प्रत्येक सिद्धांत तिला लागू पडला.

०

सरांच्या घरी सर आणि काकू जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसले होते.

"या बाई. उद्याची भीती घालवायला आलात की काय? घाबरण्यासारखं काही नसतं. परीक्षक भुसारी नागपूरहून रात्रभर प्रवास करून येतोय. तो झोपेत असेल."

"सर, पाचवी अट."

"काय झालं पाचवीला?"

मी कागद त्यांच्यापुढे ठेवले. कमळा-इंदूची नावं बघून त्यांनी भुवया चढवल्या. "हे काय? उदाहरण?"

"इंगवले सरांनी मागितलंय."

"इंगवल्याला काय, तो बाजारात माणसं मोजत फिरतो..." एवढं बोलून ते थांबले. पहिलं पान त्यांनी उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग खिशातली पेन्सिल काढली आणि माझे आकडे खोडून स्वतःचे घातले. मटारचा ढीग तसाच राहिला. काकूंनी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकट्याच सोलत राहिल्या.

सरांचीही इंदू कमळा झाली.

"सिद्धता तपासलीत?" त्यांनी विचारलं.

"तपासली. सिद्धतेत चूक नाहीये."

"म्हणजे आपण खोटं काही लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं."

"फक्त ते कुणाबद्दल नाहीये."

"एका बाईबद्दल आहे, सर."

सर हसले. थोडंसंच. "आणि ती कुणाशी घासाघीस करणार?"

"जेवूनच जा आता," काकू म्हणाल्या. बहुतेक त्यांना तेवढंच सुचलं.

"यातली एक जाणार, बाई," सर म्हणाले. "चौथी नाहीतर पाचवी."

"चौथी गेली तर माझ्या प्रबंधात उरतं काय? तुमचा चौऱ्याहत्तरचा पेपर. त्याच्यावर मला कोण पदवी देईल?"

"खरं आहे."

पाचवी गेली तर त्यांच्या पेपरात काय उरेल, हे मी विचारलं नाही. ते मला माहीत होतं आणि त्यांना माझ्याआधी समजलेलं होतं. त्यांचा हात शेंगेवर होता पण शेंग सोलली जात नव्हती.

"सर, दोन्ही राहू देत. उद्यापुरत्या." मी घाईने बोलले. "नंतर सावकाश दुरुस्त करू. पण उद्या पदवी मिळाली नाही तर माझी नोकरी जाते. मार्चअखेर म्हणजे..."

"मला माहीत आहे ते."

"इंगवले सरांना मी काहीतरी सांगून वेळ मारून नेईन. तुम्ही फक्त काही बोलू नका. तसंही व्हायवात गाईडने बोलायचं नसतंच."

"नसतं," सर म्हणाले.

"मग?"

"तुमची एसटी किती वाजता आहे?"

"साडेपाचची."

"मग निघा. आज झोप काढा नीट."

ते गप्प राहणार, असा मी याचा अर्थ लावला.

०

भुसारी सर खरंच अर्धवट झोपेत होते. गृहस्थ मोठे, मऊ, आणि प्रवासाने चुरगळलेले. त्यांना दुपारचीच परतीची गाडी होती. ते त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं, आणि मध्येही एकदा सांगितलं.

हॉल भरला होता. मागे एम.ए.ची मुलं, पुढे विभागाचे लोक, एका कडेला माझा नवरा, मांडीवर शालीची पिशवी. सातवेकर सर पहिल्या रांगेत, भिंतीच्या बाजूला.

"तुमच्या संशोधनाच्या मर्यादा कोणत्या?" भुसारी सरांनी कागदावर बघून विचारलं. मी पाठ केलेलं सांगितलं.

"पुढील संशोधनाच्या दिशा?" सांगितल्या.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही?"

इंगवले सर उभे राहिले, आणि जणू आत्ताच सुचलं अशा थाटात म्हणाले, "बाई, तुमच्या बाजारात जरा दोन माणसं उभी करून दाखवता का?"

काय करायचं ते मी ठरवून आले होते. फळ्यावर दोन गोल काढायचे, आत कमळा आणि इंदू लिहायचं, मग 'बाकी तपशील तिसऱ्या प्रकरणात आहे' म्हणून बाजूला व्हायचं. तिसरं प्रकरण उघडून बघणारं तिथे कुणी नव्हतं.

पहिला गोल काढला. कमळा लिहिलं.

दुसरा काढायला हात वर नेला, आणि मला एकदम इतकं दमायला झालं, वर्गातून, पेपर तपासण्यातून, निवडणुकीच्या ड्यूट्यांतून उरलेल्या वेळात केलेल्या त्या सगळ्या कामाचा इतका शीण आला, की मी खडू खाली ठेवून दिला.

"एकच?" इंगवले सरांनी विचारलं.

"एकच बसतं, सर."

"आणि दुसरं?"

"दुसरं आलं की अटी मोडतात."

मग इंगवले सर मोठ्याने हसले. "वा बाई! म्हणजे ही खरी थिअरी! बाजारात गर्दी नाही, घासाघीस नाही, मापात मारणं नाही!" मागची मुलं हसली, विभाग हसला. भुसारी सरही जागे होऊन हसले आणि म्हणाले, "छान. स्वतःच्या विषयाची थट्टा करता आली पाहिजे माणसाला." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी खरं ते सांगितलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. नवऱ्याने पिशवीत हात घालून शाल चाचपली.

"त्या थट्टा करत नाहीयेत."

सातवेकर सर उभे होते.

"सातवेकर, बसा हो," भुसारी सर म्हणाले. "गाईडने बोलायचं नसतं."

"नसतं. पण त्या खरं सांगताहेत. चौथी आणि पाचवी अट एकत्र नांदत नाहीत. या प्रबंधातला बाजार एका माणसाचा आहे."

"चौथी काढून टाकू की मग," कुणीतरी म्हणालं.

"चौथी त्यांची आहे, आणि ती बरोबर आहे. माणसं वेगळी असतात. पाचवी माझी. ती चूक आहे." ते घसा साफ करायला थांबले. "म्हणजे चौऱ्याहत्तर सालापासूनच चूक आहे."

इंगवले सरांचा चेहरा उतरला. "सर, राहू दे की ओ," ते हळू आवाजात म्हणाले. "मी प्रश्न मागं घेतो. विचारलाच नाही म्हणा."

"तुमचा प्रश्न चांगला होता, इंगवले. आम्हीच तो आधी विचारायला पाहिजे होता."

भुसारी सरांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. "हे बघा. माझ्यापुढे फॉर्म आहे. सिद्धता बरोबर आहेत का? आहेत. काम मौलिक आहे का? आहे. तुम्ही म्हणता तसल्या दोषासाठी यात रकाना नाही. मी 'शिफारस' लिहितो, तुम्ही गाईड म्हणून सही करा, बाकीचं तुमचं तुम्ही पेपर लिहून दुरुस्त करा. आपण सगळे हेच करत आलोय. आणि माझी गाडी आहे."

कागद सरांच्या पुढे सरकवला गेला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सही करा म्हणून. एवढी स्पष्ट हलवली की मागच्या रांगेलाही दिसली असेल.

"मी सही करत नाही," सर म्हणाले. "एक वर्षात बाई हे पाचवीशिवाय उभं करतील. थोडं कमी सिद्ध होईल. पण माणसांबद्दल होईल."

भुसारी सरांनी 'सुधारून पुन्हा सादर करावे' असं लिहिलं, घड्याळ पाहिलं, आणि फॉर्मची घडी घातली.

समोसे आलेले होते. परत पाठवता येत नव्हते. लोकांनी ते माझ्याकडे न बघता खाल्ले.

०

व्हरांड्यात सर मागून आले.

"बाई, थांबा. एक सांगायचंय."

"सांगितलंत की. सगळ्यांसमोर."

"ते नव्हे. नोकरीचं. ऐकून घ्या."

"सर, तुमची अट गेली म्हणून तुम्हाला उद्या कुणी घरी बसवणार नाहीये," मी म्हणाले. "तुमची पेन्शन ठरलेली आहे."

नवऱ्याने माझा दंड धरला. आम्ही निघालो. शालीची पिशवी त्याच्या दुसऱ्या हातात होती, आणि तिचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या नलूताईंकडे फोन आला. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. नलूताई दारात येऊन म्हणाल्या, "कुणी सातवेकर म्हणून आहेत. थांबलेत फोनवर."

"झोपलीये म्हणून सांगा."

"उठवू का विचारताहेत."

"नाही उठत म्हणावं."

०

मी झोपले नव्हते. विचार करत होते, आणि विचार करायची मला एकच पद्धत शिकवलेली होती.

समजा, सही नाही. म्हणून मार्चअखेर पदवी नाही.

पदवी नाही. म्हणून जूनमध्ये संस्था मला काढणार.

काढलेल्या बाईला दुसरं कॉलेज घेत नाही. स्वतःहून सोडलेल्या बाईला एखादं घेतं.

म्हणून, काढायच्या आधी सोडावं.

ही सिद्धता दोनदा तपासली. कुठे चूक नव्हती.

०

"विचार करून देताय ना?" मगदूम सरांनी राजीनामा वाचून विचारलं. ते खिडकीपाशी उभे होते. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती आणि त्यांचं अर्धं लक्ष काचेवर होतं.

"पूर्ण विचार करून."

"मला वाटलं होतं, निदान वर्षभर बघाल तुम्ही."

मला तो टोमणा वाटला. "बघायला काय उरलंय, सर?"

"तसं नव्हे. पण... सातवेकर सरांशी बोललात का तुम्ही?"

"त्यांच्याशी माझं आता काही बोलणं राहिलेलं नाही."

त्यांनी राजीनामा पुन्हा एकदा वाचला. बाईंना याहून बरं काहीतरी मिळालं असावं, किंवा नवऱ्याची बदली झाली असावी, असं काहीतरी त्यांनी मनाशी जुळवलं असणार. "बरं," ते म्हणाले. "तुमचं तुम्हाला माहीत." खाली 'मंजूर' लिहून त्यांनी सही केली. त्यांना पेन शोधायला थोडा वेळ लागला, म्हणून मी माझं दिलं.

०

दुसऱ्या कॉलेजने घेतलं नाही. तिसऱ्यानेही नाही. मी शहरात एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना मागणीचा नियम शिकवू लागले, आणि तो सोळा वर्षं शिकवला.

प्रबंध पुढे दुसऱ्या गाईडकडे पूर्ण केला, पाचव्या अटीशिवाय. सर म्हणाले होते तसंच झालं, थोडं कमी सिद्ध झालं. व्हायवात मी फळ्यावर दोन गोल काढले, आणि कुणी काही विचारलं नाही. नवऱ्याने पेढे आणले होते. तो म्हणाला, "आता तरी सांग, काय सिद्ध केलंस?" मी म्हटलं, "भाव ठरतो. एकच ठरेल असं नाही." तो म्हणाला, "हे मात्र पटतं."

सरांनी निवृत्तीच्या वर्षी त्याच परदेशी नियतकालिकात दोन पानांचं टिपण छापलं. त्यात त्यांनी स्वतःची अट मागे घेतली होती आणि चूक बेळंकीकर यांनी दाखवली असं लिहिलं होतं. मला अंक पाठवला. मी पोच दिली नाही. आम्ही पुन्हा भेटलो नाही. मी नोकरी सोडली ती त्यांच्यावरच्या रागाने, असं ते शेवटपर्यंत धरून चालले होते, असं काकूंनी कुणाला तरी सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. ते अगदीच चूक नव्हतं, म्हणून मीही काही कळवलं नाही. नंतर सर गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं.

मागच्या वर्षी एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, मगदूम सर माझ्या मागे उभे होते. आता काठी घेऊन चालतात. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्यांच्या तोंडून ते निघालं, मला माहीतच असणार अशा सुरात. मी ताट उचललं आणि पुढे सरकले. मागचे लोक खोळंबले होते.

व्हायवाच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या मागच्या एसटीने, सातवेकर सर आमच्या गावी मगदूम सरांच्या घरी आले होते, आणि मला आणखी एक वर्ष मुदत द्यायचं त्यांच्याकडून कबूल करून घेऊन परत गेले होते.